परराज्यात अपघात झाला, तर नुकसानभरपाईचा दावा कुठे आणि कसा करायचा?

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही सांगलीहून बंगळुरूला नात्यातल्या एका लग्नाला निघालो होतो. दावणगेरे मागे पडल्यावर गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. भावाने गाडी पांढऱ्या रेषेच्या बाहेर घेतली, बाबा स्टेपनी काढायला डिकीकडे गेले आणि मागून आलेला मालट्रक गाडीचा कोपरा आणि बाबांना घासून पुढे गेला. उजव्या मांडीचं हाड मोडलं, गुडघाही गेला. बाबा शिंपी आहेत. पायाने मशीन चालवणारा माणूस.

पुढचे दोन महिने जो भेटेल तो एकच सांगत होता, "केस कर्नाटकात चालणार, तारखांना कोण जाणार, भाषा कुणाला कळणार, सोडून द्या." आम्हीही जवळजवळ सोडून दिलं होतं. नंतर कळलं की दावा सांगलीतच दाखल करता येतो. पण त्या दाव्याला लागणारे कागद तयार होतात ते अपघाताच्या ठिकाणीच, तेही पहिल्या काही दिवसांत. ते हातातून निसटले की घरच्या कोर्टात हात बांधल्यासारखे होतात. म्हणून हा लेख. मी वकील नाही. आम्ही ज्यातून गेलो आणि त्यासाठी जे शिकावं लागलं, ते क्रमाने लिहिते आहे.

१. पहिला तास: आधी माणूस, मग फोटो

११२ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक आहे, तिथून रुग्णवाहिका आणि क्रेन दोन्ही मिळतात. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. नेमून दिलेल्या रुग्णालयात एका जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, पैसे न भरता होतात. आमच्या वेळी ही सोय नव्हती. तुम्ही मात्र दाखल करतानाच "या योजनेत हे हॉस्पिटल आहे का" असं विचारा.

जखमीजवळ एक जण असेल तर दुसऱ्याने फोन काढून पुढचे फोटो घ्यावेत: समोरच्या वाहनाची नंबरप्लेट, दोन्ही वाहनं आहेत त्या जागी, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा, किलोमीटरचा दगड किंवा पाटी, आणि तुमची गाडी रस्त्याच्या कुठल्या भागात उभी होती ते. गाड्या बाजूला घेण्याआधी हे व्हायला हवं.

आमच्या बाबतीत धडकेनंतर कुणालाच फोटोचं भान नव्हतं. पण त्याआधी पाच मिनिटं भावाने पंक्चर चाकाचा एक फोटो मित्राला पाठवला होता, टायर बदलावा लागेल का हे विचारायला. दीड वर्षाने विमा कंपनीने लेखी म्हणणं दिलं की गाडी रस्त्यातच उभी होती आणि मागे कसलीही खूण नव्हती, त्यामुळे चूक तुमचीही आहे. तेव्हा तो फोटो मोठा करून पाहिला. वरच्या कोपऱ्यात पांढरी रेषा दिसत होती, गाडी रेषेच्या बाहेर होती, आणि रेषेला लागून लाल त्रिकोणाची अर्धी कड आली होती. एवढ्यावर तो मुद्दा पडला. म्हणून सांगते, बिघाडासाठी थांबलात तरी त्रिकोण ठेवा, चारही इंडिकेटर लावा आणि एक फोटो घेऊन ठेवा.

मदतीला धावलेल्यांचा फोन नंबर मागा, पण आग्रह करू नका. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ त्यांना संरक्षण देतं. विश्वासाने मागितलं की बहुतेक जण देतात.

२. हॉस्पिटलमधली पहिली ओळ

डॉक्टर पहिल्या केसपेपरवर दुखापत कशी झाली ते एका ओळीत लिहितात. ती ओळ पुढे प्रत्येक टेबलावर वाचली जाते. आमच्या पहिल्या केसपेपरवर "पडल्यामुळे दुखापत" अशी नोंद झाली होती, कारण स्ट्रेचर ढकलणाऱ्याला आम्ही घाईत "पडलेत" एवढंच सांगितलं होतं. आईने दुसऱ्या दिवशी कागद वाचायला घेतला म्हणून लक्षात आलं, आणि डॉक्टरांनी पोलिसांच्या नोंदीचा आधार घेऊन "रस्ता अपघात, ट्रकची धडक" अशी दुरुस्ती करून सही केली. हीच दुरुस्ती महिन्याने मागितली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता.

दाखल करतानाच "रोड ॲक्सिडेंट आहे, एमएलसी करा" असं स्पष्ट म्हणा. एमएलसी म्हणजे वैद्यकीय-न्यायिक नोंद, तिचा नंबर लिहून घ्या. पुढे गावाकडच्या हॉस्पिटलात हलवलं तर तिथेही पहिल्या एमएलसीचा नंबर आणि पोलीस ठाण्याचं नाव सांगा, म्हणजे दोन्ही ठिकाणचे कागद एकमेकांना जोडलेले राहतात. हलवताना डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे फिल्म आणि रुग्णवाहिकेची पावती हातात असल्याशिवाय निघू नका.

३. एफआयआर: तुमच्या भाषेत नसली तरी तुमची आहे

भाऊ हिंदीत सांगत होता, हवालदार कन्नडमध्ये लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून अर्थ सांगितला, भावाने सही केली. तीन दिवसांनी हॉस्पिटलमधल्या एका नर्सने आम्हाला ती प्रत मराठीत समजावून सांगितली, तेव्हा ट्रकच्या नंबरातला एक आकडा चुकलेला दिसला. भावाने परत जाऊन पुरवणी जबाब दिला. नंबर चुकीचा राहिला असता तर ट्रकची विमा कंपनी "हे वाहन आमचं नाही" म्हणून मोकळी झाली असती.

सही करण्याआधी निदान या पाच गोष्टी आकडे बोटाने दाखवून तपासा: वाहन क्रमांक, तारीख आणि वेळ, जागा, जखमीचं नाव, आणि चूक कुणाची लिहिली आहे. भाषा कळली नाही तरी आकडे कळतात. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, तो तुमचा हक्क आहे.

घाईत गावी परतलात आणि तक्रार राहून गेली, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी तुमच्या गावच्या ठाण्यात माहिती देता येते. त्याला शून्य एफआयआर म्हणतात, पुढे ती संबंधित ठाण्याकडे जाते. एफआयआरला उशीर झाला म्हणून दावा आपोआप फेटाळला जात नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तरी प्रत्येक दिवसाच्या उशिराचा जाब उलटतपासणीत द्यावा लागतो.

सावध राहा: दुसऱ्या दिवशी ट्रकमालकाचा माणूस हॉस्पिटलात आला. वीस हजार देतो म्हणाला आणि कन्नडमधला एक टंकलिखित कागद पुढे केला. आत्याने "मला वाचता येत नाही त्यावर मी सही करत नाही" एवढंच म्हणून कागद परत दिला. नंतर कळलं, त्यात "आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही, उपचाराचा खर्च मिळाला" असं होतं. वाचता न येणाऱ्या किंवा कोऱ्या कागदावर सही नाही, समोरचा कितीही चांगला वागो.

४. ते राज्य सोडण्याआधी

१ एप्रिल २०२२ पासून नियम बदलले आहेत. तपास अधिकाऱ्याला अपघातानंतर ४८ तासांत पहिला अपघात अहवाल द्यावा लागतो, पोलीस त्याला एफएआर म्हणतात. ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल, म्हणजे डीएआर, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडे, जायला हवा. हे अहवाल फॉर्म भरून होतात आणि जखमीच्या बाजूचा एक फॉर्म तुमच्याकडून भरून घ्यायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो कुणी आपणहून देत नाही. मागून घ्या.

तपास अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, मोबाइल आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक लिहून घ्या. "आम्ही दावा आमच्या राहत्या जिल्ह्यात दाखल करणार आहोत, अहवालांच्या प्रती आम्हाला द्याव्यात" असा एक साधा अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या. हा अर्ज आम्ही दिला नाही, त्यामुळे भावाला मार्च ते मे दरम्यान तीनदा दावणगेऱ्याची बस धरावी लागली.

शब्दही वेगळे असतात. कर्नाटकात घटनास्थळाच्या पंचनाम्याला महजर म्हणतात, आणि जखमांच्या दाखल्याला वुंड सर्टिफिकेट. "पंचनामा द्या" म्हटल्यावर कारकून मख्खपणे पाहत राहिला, "स्पॉट महजर" म्हटल्यावर फाइल निघाली. ज्या राज्यात आहात तिथला शब्द कुणाला तरी विचारून घ्या.

टोलनाक्याच्या किंवा ढाब्याच्या कॅमेऱ्यात काही आलं असण्याची शक्यता असेल तर चित्रीकरण जपून ठेवावं असा लेखी अर्ज नाक्याच्या व्यवस्थापकाला आणि पोलिसांना लगेच द्या. जुन्या चित्रीकरणावर नवं चढत राहतं.

तुमची गाडी पोलिसांनी ठेवून घेतली असेल तर आरटीओची तपासणी झाल्यावर कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा गाडी हजर करण्याच्या लेखी हमीवर, ती सुटते. तुमच्या गाडीच्या विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि त्यांचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी ओढून गावी आणू नका. गाडीच्या नुकसानीचा क्लेम आणि माणसाच्या इजेचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिला मिटला म्हणून दुसरा मिटत नाही.

घरी आणायचे कागद:

- एफआयआर आणि मूळ फिर्याद
- घटनास्थळ पंचनामा, नकाशासह
- दोन्ही वाहनांचा आरटीओ तपासणी अहवाल
- समोरच्या वाहनाचं नोंदणी प्रमाणपत्र, विमा पॉलिसी, परमिट आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती
- जखम प्रमाणपत्र, एमएलसी नंबर
- एफएआरची प्रत
- मृत्यू झाला असेल तर इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्याच निबंधकाकडे होते, म्हणून दाखल्याच्या जादा प्रती तिथूनच घ्या.

दोषारोपपत्र नंतर येतं, ते मागवावं लागेल. समोरच्याची विमा कंपनी कळली नसेल तर एम-परिवहन ॲपवर वाहन क्रमांक टाकून पॉलिसीची मुदत आणि कंपनी बहुधा दिसते.

५. दावा कुठे दाखल करायचा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६(२) मध्ये पर्याय दिलेले आहेत: अपघात जिथे झाला तिथलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, अर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथलं, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथलं. निवड अर्जदाराची. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीचं कार्यालय असलेल्या शहरातला दावाही वैध धरला.

२०२३ मधलं एक प्रकरण आमच्या वकिलांनी वाचून दाखवलं तेव्हा मला हायसं वाटलं. अपघात सिलिगुडीचा, दावा उत्तर प्रदेशातल्या फतेहगढच्या न्यायाधिकरणात. वाहनमालकाने सर्वोच्च न्यायालयाकडे मागणी केली की साक्षीदार सगळे सिलिगुडीचे, भाषेची अडचण होईल, प्रकरण दार्जिलिंगला पाठवा. न्यायालयाने ती फेटाळली, कारण कायद्याने अर्जदाराला निवड दिलेली आहे.

घरचा जिल्हा निवडलात तर राहण्याचा पुरावा भक्कम ठेवा: आधार, रेशनकार्ड, दुकानाचा परवाना. आणि एकाच कुटुंबातल्या दोघांनी दोन राज्यांत वेगवेगळे अर्ज टाकू नयेत. एक मुलगी पुण्यात, एक मुलगा हैदराबादेत असेल तर आधी बसून ठरवा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२२ च्या निकालाप्रमाणे वेगवेगळ्या उच्च न्यायालयांच्या हद्दीत अर्ज झाले तर पहिला टिकतो आणि नंतरचे तिथे वर्ग होतात, त्यात उगाच महिने जातात.

परभाषेतल्या कागदांचं भाषांतर लागतं. आम्ही सांगलीतच कन्नड जाणणाऱ्या निवृत्त शिक्षकांकडून करून घेतलं आणि त्यांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. सीमेच्या जिल्ह्यांत अशी माणसं सहज मिळतात.

अज्ञात वाहनाने धडक देऊन पळ काढला असेल तर रस्ता वेगळा आहे. कलम १६१ खाली मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात, आणि त्याचा अर्ज अपघात झाला त्याच तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या महसूल अधिकाऱ्याकडे करावा लागतो. इथे घरचा पर्याय नाही, म्हणून परत निघण्याआधी तो अर्ज देऊन या.

६. मुदत: सहा महिने धरूनच चाला

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६(३) मध्ये सहा महिन्यांची मुदत आली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असं सांगितलं. ज्यांची मुदत उलटून गेली आहे त्यांनी म्हणून आशा सोडू नये, वकिलांना भेटावं. पण ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांनी अंतरिम आदेशावर विसंबू नये. शिवाय व्याज मिळतं ते साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून, त्यामुळे उशीर केला तर नुकसान तुमचंच.

उपचार संपायची वाट पाहू नका. अर्ज आधी दाखल होतो, पुढची बिलं नंतर जोडता येतात.

७. वकील कसा निवडायचा

हॉस्पिटलच्या आवारात "केस आमच्याकडे द्या, पैसे मिळाले की इतके टक्के" म्हणणारे भेटतात. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही. असं बोलणारा माणूस पहिल्या वाक्यातच नियम मोडतो आहे हे ध्यानात घ्या. मोटार अपघाताची कामं नियमित करणारा, तुमच्याच जिल्हा न्यायालयात बसणारा वकील शोधा. वकीलपत्र भरलेलं असेल तरच सही करा. मूळ कागद शक्यतो स्वतःकडे ठेवा, लागतील तसे द्या आणि काय दिलं ते एका वहीत लिहा.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन १५१००.

८. उत्पन्न आणि अपंगत्व: रक्कम इथेच ठरते

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तुम्हीही सगळ्यात जास्त कष्ट इथेच घ्यावेत असं मला मनापासून वाटतं.

हिशेबाची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांनी घालून दिली आहे. वार्षिक उत्पन्न, त्यात भविष्यातल्या वाढीची भर, गुणिले वयानुसारचा गुणक, गुणिले अपंगत्वाची टक्केवारी. २६ ते ३० वयाला गुणक १७, ३६ ते ४० ला १५, ५१ ते ५५ ला ११, असा तक्ता आहे. स्वतःचा धंदा असलेल्याला भविष्यातली वाढ चाळिशीच्या आत ४० टक्के, चाळीस ते पन्नासला २५ आणि पन्नास ते साठला १० टक्के धरतात.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. वय ५४, महिना १२,००० रुपये. वर्षाचे १,४४,०००, त्यात १० टक्के मिळवून १,५८,४००. अकराने गुणल्यावर १७,४२,४००. अपंगत्व ३० टक्के धरलं तर ५,२२,७२०, आणि १५ टक्के धरलं तर बरोबर निम्मे, २,६१,३६०. उपचाराचा खर्च, वेदना, बुडालेले दिवस हे वेगळं. म्हणजे महिन्याचं उत्पन्न आणि अपंगत्व या दोन आकड्यांवर सगळं उभं असतं.

बाबांचं आयकर विवरणपत्र नव्हतं. विमा कंपनीने अगदी कमी उत्पन्न धरावं असं म्हटलं. मग आईने माळ्यावरून मापांच्या वह्या काढल्या. बाबा गिऱ्हाइकाचं नाव, छाती-कंबर-उंचीचे आकडे, खाली शिलाई आणि ॲडव्हान्स असं लिहीत आले आहेत, अपघाताच्या आधीच्या चार वर्षांच्या वह्या होत्या. जूनच्या पानांवर शाळेच्या गणवेशांची रांगच्या रांग. अपघातानंतरच्या वहीत तीन पानं भरलेली आणि पुढे कोरी. या वह्या, गणवेशाच्या ऑर्डरी देणाऱ्या दुकानदाराची साक्ष, दुकानाचा परवाना, बँकेचं पासबुक आणि वीजबिल एवढं जोडून न्यायाधिकरणाने आम्ही सांगितलेल्या आकड्याच्या जवळचं उत्पन्न मान्य केलं. तुमच्याकडे पगाराची स्लिप नसेल तर असंच शोधा. दूध संघाची पावती-पुस्तिका, सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या, ॲपवरून आलेल्या पैशांचा तपशील, काहीही चालतं. न्यायाधिकरणापुढे रोज काम होत होतं हे दिसलं पाहिजे.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मंडळाकडून घ्या, उपचार स्थिरावल्यावर. पण त्या प्रमाणपत्रातला आकडा हा शेवटचा आकडा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे की पाहायचं ते कमाईच्या क्षमतेवर झालेला परिणाम. बोट तुटलं तर कारकुनाचं आणि तबलजीचं नुकसान सारखं नसतं. बाबांच्या उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, "मोटरवरचं मशीन चालवता येत नाही का?" बाबा म्हणाले, "मोटर असली तरी वेग उजव्या पायाच्या टाचेने सोडावा लागतो साहेब, माझी टाच खाली टेकत नाही." आम्ही हे आधी ठरवून दिलं नव्हतं. पण तुम्ही जखमी माणसाला आधीच शांतपणे विचारून ठेवा की दिवसभरातलं नेमकं कोणतं काम आता होत नाही, आणि ते वकिलांना लिहून द्या. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्षही बहुतेक वेळा लागते, त्यांची तारीख आधी धरून ठेवा.

मेडिक्लेमने बिल भरलं म्हणून तो खर्च मागायचा नाही, असा एक समज आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलं की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, कारण ती तुम्ही हप्ते भरून मिळवलेली असते. कॅशलेसमध्ये मूळ बिलं विमा कंपनीकडे जातात, म्हणून हॉस्पिटलकडून प्रमाणित प्रती मागून ठेवा.

९. चूक आपल्याच चालकाची असेल तर

हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून सांगते. गाडी नातेवाइकाची, चूक त्याचीच, आणि तुम्ही मागे बसला होता, तर त्याच्या गाडीच्या विमा कंपनीकडे दावा करण्यात गैर काही नाही. तो दावा नात्याविरुद्ध नसतो. फक्त पॉलिसी पॅकेज आहे की नुसती थर्ड पार्टी ते पाहा. खासगी गाडीतल्या सहप्रवाशांची जबाबदारी पॅकेजमध्ये येते, नुसत्या थर्ड पार्टीत विमा कंपनी नाकारते. गाडी चालवणाऱ्या मालकाला १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, ते पॉलिसीत घेतलेलं आहे का तपासा.

चूक कुणाची हे सिद्धच करता येत नसेल तर कलम १६४ आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक सिद्ध न करता. पण हे आणि कलम १६६ दोन्ही एकदम मिळत नाही, निवड वकिलांशी बोलून करा.

रेल्वेतून पडून किंवा रेल्वे अपघातात इजा झाली तर मोटार न्यायाधिकरणाचा संबंध नाही, रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षात अर्ज करायचा. तिकीट जिथे काढलं, जिथे उतरायचं होतं किंवा जिथे घटना घडली, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या खंडपीठात तो चालतो. नागपूर आणि मुंबईत खंडपीठं आहेत. तिकिटाचा फोटो घरच्यांना पाठवण्याची सवय ठेवा.

१०. तडजोड, निकाल आणि पैसे

लोकअदालतीत विमा कंपनी आकडा देते. पहिला आकडा नाकारला म्हणजे कोर्टाचा अपमान होत नाही. आम्ही पहिल्या वेळी नाही म्हटलं, कारण हिशेबाच्या निम्म्याहून कमी होता. मात्र तिथे तडजोड झाली की त्यावर अपील नाही, म्हणून आठव्या टप्प्यातला हिशेब स्वतः मांडून खिशात घेऊन जा. आजारपणात कर्ज झालं असेल आणि आकडा वाजवी असेल तर लवकर मिटवणंही शहाणपणाचं असतं, यात मी कुणाला दोष देणार नाही.

प्रत्येक तारीख ई-कोर्ट्स ॲपवर केसच्या सीएनआर नंबरने, म्हणजे प्रत्येक केसला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकाने, पाहता येते. वकिलांच्या फोनची वाट पाहू नका.

आमचा निकाल २०२५ च्या शेवटी लागला. निकालानंतर ३० दिवसांत विमा कंपनीने रक्कम जमा करायची असते, आणि बऱ्याचदा त्यातला काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. खातं जखमीच्या एकट्याच्या नावाचं, आधार आणि पॅन जोडलेलं, आधीच उघडून ठेवा. नावाचं स्पेलिंग एफआयआरमध्ये एक, आधारवर दुसरं असेल तर ते प्रतिज्ञापत्राने आत्ताच सरळ करा. बाबांच्या आडनावातल्या एका अक्षरासाठी चेक पाच आठवडे अडला होता.

निकाल मान्य नसेल तर उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस असतात. निकाल लागला त्याच दिवशी प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका आणि त्याची पावती वहीत चिकटवा.